माणिकबाईची सहावी कवडी

तुम्ही कधी जुगार खेळलात का? थांबा, एवढ्या घाईनं मान हलवू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मामाच्या गावी चिंचेखाली तीन पत्तीचा डाव बसला होता. दारोदार बैल फिरवून मिळालेल्या बोजाऱ्यातले दहा रुपये तुम्ही "नुसती गंमत" म्हणून लावले होते. ते धरायचं की नाही?

धरायचंच. आमच्या वऱ्हाडात करीच्या दिवशी गोठ्यातले बैल तेवढे खेळत नाहीत, बाकी सगळे कुठं ना कुठं बसलेले असतात. वर्षभर पत्त्याला न शिवणारा मास्तर बसतो. भजनात पेटी वाजवणारा बसतो. सासऱ्यासमोर मान वर न करणारा जावई त्या दिवशी सासऱ्यालाच "टाका पत्ता, मामाजी, का झोपले?" म्हणतो. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: "सणाचं खेळा लागते." काहून खेळा लागते, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी बडनेऱ्याची. सातवीनंतर शाळा सुटली; पुढचं मी रद्दीतल्या पेपरांवर आणि तहसीलच्या बाकावर बसून शिकले. दारू आणि जुगार बंद करायच्या मागे लागून मला बरीच वर्षं झाली. पत्ते फाडलेत, शिव्या खाल्ल्या, दिल्याही. त्यामुळे आमच्या दारूबंदीच्या गटातल्या एका बाईनं "शालूताई, फुलमाळ्यांच्या गल्लीत करीले बायाही खेळतात, अन् सगळ्यात पक्की जुगारी माणिकबाई हाय" असं सांगितलं, तेव्हा मला राग यायला हवा होता. आलाही. पण रागाच्या आधी नवल वाटलं.

कारण माणिकबाई म्हणजे कोण? बडनेऱ्याहून रोज पहाटे झेंडूचं बोचकं घेऊन अमरावतीला जाणारी, साठी उलटलेली, काडीसारखी बाई. टपरीवरचा चहा ती पीत नाही, घरून पितळी डब्यात आणते. बायांच्या भिशीत तिनं कधी नाव घातलं नाही. मी एकदा तिला ओढत होते तर म्हणाली, "नाई बाप्पा. चिठ्ठी कोनाची निघन ते नशिबावर. नशिबावर मी घर नाई चालवत." अशी बाई जुगारी? मग जगात साधू कोण उरला?

श्रावण सरत आला होता. मी सरळ तिच्या वावरात गेले.

वावर म्हणजे आता बेटच झालं आहे. तिन्ही बाजूंना कॉलनी, चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. मधात एक विहीर, एक कडुलिंब आणि गुडघ्याएवढा झेंडू. नवरात्राला फुलावर यावा म्हणून लावलेला. कोणाच्या तरी गच्चीवरून वाळत घातलेली चादर उडून झेंडूवर पडली होती, ती घडी करून माणिकबाईनं कुंपणावर ठेवली होती.

"माणिकबाई, तुम्ही जुगार खेळता म्हणे?"

"खेलतो ना," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "सालातून एक दिवस."

"लाज नाही वाटत?"

"हारलं का वाटते."

मी तिथंच बांधावर बसले. तिची सून मंजुषा पाणी वळवत होती. ती तोंडाला पदर लावून हसली. मी विचारलं, कशावर खेळता, पैशावर?

"पैशावर कोन खेलते? पैसा तं कोनाकडूनही भेटते. जागेवर खेलतो आमी."

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, मधात तण उपटत, मधात मंजुषाला ओरडत. मी ते जुळवून सांगते.

नवरात्रात अंबादेवीला सगळी अमरावती लोटते. देवीच्या रस्त्यावर फुलं विकायला ह्या गल्लीतली सात घरं बसतात. जुन्या काळापासून सातच. सगळ्यात चांगली जागा दरवाज्याजवळची. भाविक आत शिरता शिरता हात लांब करतो, हार घेतो. सगळ्यात वाईट जागा खाली वळणावर, मोरीपाशी. तिथवर यायच्या आधीच लोकांच्या हातात हार असतो, आणि तुमच्याकडे पाहून लोक नाकाला रुमाल लावतात, मोरीमुळे. बरं, झेंडू कोणाची वाट पाहत नाही. संध्याकाळी उरला तो गाईला.

ह्या जागेवरून सात घरांमध्ये पूर्वी मारामाऱ्या व्हायच्या. सख्खे चुलतभाऊ टोपल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर. एका साली देवीच्या दारातच डोकी फुटली. त्यानंतरच्या पोळ्याला गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं, माणिकबाईच्या आजेसासऱ्यानं, करीच्या दिवशी सगळ्यांना वावरातल्या ह्याच लिंबाखाली बोलावलं. बैलांचा साज उतरवणं चालू होतं. त्यानं बैलाच्या गळ्यातल्या माळेच्या सहा कवड्या तोडल्या आणि म्हणाला, आता भांडायचं ते ह्यांच्याशी भांडा.

तेव्हापासून करीला कवड्या पडतात. ज्याच्या सर्वात जास्त कवड्या उघड्या, म्हणजे तोंड वर, त्याला दरवाजा. त्याच्या पुढं गल्लीत ज्या क्रमानं घरं आहेत त्याच क्रमानं रस्त्यावर बसायचं. डाव टाकायचा तोही त्याच क्रमानं, गेल्या सालच्या जिंकलेल्या घरापासून. दोघांच्या सारख्याच पडल्या तर ज्यानं आधी टाकल्या त्याची जागा. कवडी घरंगळून कुठंही गेली तरी जिथं थांबली तिथं मोजायची. आणि डाव वर्षभर मोडायचा नाही. झालं की त्याच कवड्या पुन्हा बैलाच्या माळेत ओवायच्या.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखंच," मी म्हटलं. "मग वर्षावर्षानं पाळी का नाही लावत? एक साल तुम्ही, एक साल ते. न्यायाचं होईल."

खुरपं थांबलं. "कवडीच्या आधी लावली होती ना पाळी. तीन साल टिकली. चवथ्या साली ज्याची पाळी त्याच्या घरी सुतक पडलं. तो म्हने पुढच्या साली मले द्या. पुढचा म्हने मी काहून देऊ? झालं. पुन्हा काठ्या." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "शालूताई, पाळी मानसानं लावली का मग मानसावर राग येते. कवडीवर कोन रागावन? तिचं ना घर, ना जात, ना तिची सून आपल्या सुनेशी भांडली."

मी विषय बदलून तिच्या माहेराचं विचारलं, तेही ओरडूनच. उत्तर सुचत नाही तेव्हा माझा आवाज चढतो, हे माझ्या गटातल्या बायांना विचारा.

माणिकबाईचं माहेर अकोल्याचं. जठारपेठेत बाप हार विकायचा, चार लेकी ओवायच्या. ही थोरली. ओवण्यात हात एवढा चालायचा की बाप म्हणे हिचं लग्न लावलं तर माझं दुकान बसेल. लग्न झालं ते बडनेऱ्याच्या पंजाबरावशी. माणूस भला, पण कवडीच्या बाबतीत करंटा. सासरी आल्यावर पहिल्याच करीला तिनं पाहिलं: पंजाबरावनं कवड्या मुठीत घेतल्या, कपाळाला लावल्या, सूर्याला दाखवल्या, बैलाच्या पाठीवरून फिरवल्या, आणि टाकल्या तर एक उघडी. पुढच्या साली दोन. त्याच्या पुढच्या साली एकही नाही.

"एवढं नाटक करन तं कवडी घाबरनच ना," माणिकबाई म्हणाली.

बाईनं कवडीला हात लावायची रीत नव्हती. पण एका साली पोळ्याच्या गर्दीत बैलानं पंजाबरावला भिंतीशी दाबलं, आणि करीच्या दिवशी त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं टाकू म्हणाला तर गल्लीतले म्हातारे म्हणे डाव्या हातानं देवीची जागा मागतात काय? तेव्हा पंजाबरावच म्हणाला, "हिले द्या. हे माह्या उजवा हातच हाय." माणिकबाईनं कवड्या घेतल्या, काही न करता टाकल्या. पाच उघड्या. त्या साली दरवाजा मिळाला. तेव्हापासून त्या घराचा हात माणिकबाईचा. कधी लागला, कधी नाही लागला.

पंजाबराव गेला त्या साली कुरकुर झाली. सणाचा डाव, विधवेचा हात कसा चालायचा? ह्या ठिकाणी माझ्या अंगाचा जाळ होतो, पण त्या दिवशी मी तिथं नव्हते आणि माझी गरजही पडली नाही. तिचा चुलत दीर देवराव, शेजारच्या घरचा, पुढं आला. म्हणाला, "कवडी बैलाच्या गळ्यातली. बैलाले समजते का कोन सवाशीण अन् कोन विधवा? टाक वैनी." आणि ह्याच देवरावनं गेली तीन सालं दरवाजा जिंकला आहे. गल्लीत त्याच्या अगोदरचं घर माणिकबाईचं. म्हणजे क्रम देवरावपासून सुरू झाला की फिरून शेवटी कोण? माणिकबाई. तीन सालं झाली, ती मोरीपाशी बसते.

"यंदा?" मी विचारलं.

मंजुषानं पाणी सोडून माझ्याकडे पाहिलं. माणिकबाई तण उपटत राहिली. सांगितलं ते मंजुषानं.

"यंदा आईनं वावर लावलं, ताई."

"काय लावलं?"

"हेच वावर. आमच्या ह्यांच्याशी."

हे म्हणजे शेखर, माणिकबाईचा मुलगा. रेल्वेत फिटर. तो वाईट पोरगा नाही. दारू नाही, उद्धट नाही. त्याचं म्हणणं मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं, आणि त्यात मला खोट काढता आली नाही, तरी मी काढलीच. तो म्हणे, आजूबाजूला सगळे प्लॉट पडले. कॉलनीचं सांडपाणी विहिरीत झिरपते. माकडं येतात. मायचे गुडघे वाजतात ते दुसऱ्या खोलीत ऐकू येतात. मंजुषा अंधारात फुलं तोडते, तिथं परवा साप निघाला. आणि एवढं करून मोरीपाशी अर्धा झेंडू गाईला. दरवाजा मिळत असता तर गोष्ट वेगळी.

हेच शेवटचं वाक्य माणिकबाईनं पकडलं. म्हणाली, "ठीक. यंदा दरवाजा लागला तं पुढचं साल वावराचं नाव काढायचं नाई. नाई लागला तं दिवाळीनंतर तुह्या प्लॉटवाल्याले घेऊन ये. मी सही करतो."

शेखर म्हणाला, "अवं माय, वावर काई कवडीवर लावतात काय?"

"तूच म्हनला ना दरवाजा असता तर."

"बोलाची गोष्ट..."

"मंग बोलल्यावर राहा."

मी उठून उभी राहिले. माझा आवाज कॉलनीच्या गच्चीपर्यंत गेला असणार. बाई, तुम्हाला अक्कल आहे का? भिशीला नशीब नको आणि वावराला नशीब चालते? पोराशी भांडा, कायदा आहे, तुमची सही लागते, मी उभी राहते तुमच्यासोबत!

ती शांतपणे म्हणाली, "पोराशी भांडून जिंकली तं पोरगा हारते. हारली तं मी हारते. दोन्हीत घरच हारते. म्हनून मंधात कवडी टाकली." आणि वर म्हणाली, "करीले या. पाह्यजा. फक्त बोलजा नोका."

न बोलणं मला कसं जमणार होतं, कोण जाणे. पण मी गेले. पत्ते फाडायला नाही, पाहायला. आयुष्यात पहिल्यांदा मी जुगाराच्या जागी एका जुगाऱ्याच्या बाजूनं गेले.

करीचा दिवस. पाऊस पडून गेला होता. लिंबाखाली तुळशीच्या अंगणाएवढी जागा सारवलेली, बाजूला काळी ओली माती. गल्लीत बैलजोडी आता देवरावकडेच उरली आहे. त्यानं आपल्या बैलाच्या माळेच्या सहा कवड्या सोडल्या आणि पाण्यानं धुतल्या. सात घरची माणसं, बाया, कडेवरची लेकरं. शेखर झाडाला टेकून उभा. त्यानं ड्युटीवरून सुट्टी घेतली होती, म्हणजे तोही काही मजेत नव्हता.

गेल्या सालचा जिंकलेला म्हणून देवरावनं आधी टाकल्या. पाच उघड्या.

"घ्या! चवथं साल!" कोणीतरी ओरडलं. "देवराव, बैलाले ढेप जास्त चारते काय बे?"

"बैल माह्या, कवडी माह्यी, नशीब तुमच्याकडून आनू का?" देवराव हसला, पण माणिकबाईकडे पाहून त्याचं हसू आटलं. वावराची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती.

पुढच्या घरांच्या तीन पडल्या, दोन पडल्या, चार, पुन्हा दोन, तीन. शेवटी माणिकबाई. तिला सहाच्या सहा हव्या होत्या. पाच पडल्या तर सारख्या, आणि सारख्या म्हणजे आधी टाकणाऱ्याच्या, देवरावच्या.

ती उकिडवी बसली. कपाळाला लावलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. मूठ उघडली.

त्याच क्षणी मागून शिटी वाजली.

"हलू नका कोनी! जागच्या जागी!"

पोलिसांची गाडी रस्त्यावर उभी होती आणि एक जमादार धावत लिंबाखाली घुसला होता. कॉलनीतल्या कोणीतरी जुगाराचा फोन केला होता, हे नंतर कळलं. माणसं भराभर मागे सरली. सारवलेल्या जागेवर पाच कवड्या पडल्या होत्या. पाचही उघड्या. सहावी घरंगळत काठावरून ओल्या मातीत गेली, आणि जमादाराचा बूट बरोबर तिच्यावर पडला.

सगळी गल्ली एकदम ओरडली, "पाय उचलू नका!"

जमादाराची नोकरीत अशी फजिती कधी झाली नसेल. जुगाऱ्यांना "हलू नका" म्हणायला आला आणि जुगारीच त्याला हलू देईनात. तो गोंधळून खाली पाहू लागला. "काय हाय पायाखाली? बॉम्ब हाय काय?"

"वावर हाय," मंजुषा म्हणाली.

"पैसे कुठं हायत?" त्यानं आवाज चढवला.

"पैसे नाहीतच, साहेब," मी पुढं झाले. "पैसे असते तर मीच तुमच्या आधी पत्ते फाडले असते." मी त्याला गोष्ट सांगितली. घाईत सांगितली, उलटीसुलटी सांगितली. तो एका जागी रोवलेल्या खांबासारखा उभा राहून ऐकत होता. माणूस हिवरखेडकडचा निघाला, शेतकऱ्याचा. ऐकता ऐकता त्याचा आवाज उतरला. शेवटी त्यानं पंच असल्यासारखं विचारलं, "म्हंजे हे उघडी असन तं बाईची जीत, अन् पालथी असन तं ह्या भाऊची?"

"हो."

"अन् मी पाय कसा उचलू म्हन्ता?"

"सरका," "नाई, सरळ वर," "घासू नका," अशा दहा जणांच्या दहा सूचना. देवरावनं आपला खांदा दिला. जमादारानं त्यावर हात ठेवून पाय सरळ वर घेतला, बगळ्यासारखा.

मातीत कवडी नव्हती.

"गेली कुठं?"

"बुटाले चिकटली! पाय वळवा!"

त्यानं पाय मागे वळवून तळवा वर केला. चिखलानं भरलेल्या बुटाच्या खाचेत कवडी घट्ट बसली होती. आणि तिचं तोंड, दातांसारख्या रेघांचं, आपल्याकडे, स्वच्छ दिसत होतं.

"उघडी!" मंजुषा किंचाळली. "उघडी हाय! सहा!"

मग काय विचारता! बाया टाळ्या पिटू लागल्या. मी मंजुषाला मिठी मारली. जुगार जिंकल्याबद्दल मी कोणाला मिठी मारीन असं मला कोणी सांगितलं असतं तर त्याचं मी तोंड फोडलं असतं. देवराव म्हणाला, "घे वैनी, दरवाजा तुह्या," आणि ते त्याच्या तोंडून सुटका झाल्यासारखं आलं. शेखरनं झाडावरून पाठ काढली. त्याचा चेहरा पडला होता की उजळला होता, मला अजूनही सांगता येत नाही.

माणिकबाई उठली नव्हती. ती बुटाकडे पाहतच नव्हती. बुटानं मातीत उमटवलेल्या ठशाकडे पाहत होती.

"नाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पालथी होती."

"अवं आई, दिसून राहिलं ना समोर! तोंड वर हाय!"

"आता वर हाय. बूट उलटा केला ना त्यानं." तिनं बोटानं मातीतला ठसा दाखवला. ठशाच्या मधात कवडीएवढा खळगा, आणि खळग्यात बारीक बारीक रेघा. "हे पाह्य. दात मातीत उमटले. तोंड खाली होतं तवाच उमटले. बुटाले पाठ चिकटली, तोंड खाली राह्यलं. बूट फिरवला तं ते वर आलं."

सगळे वाकले. देवराव वाकला. जमादार एका पायावर वाकला. खळग्यात दात होते. साफ.

टाळ्या थांबल्या.

सगळ्यांत आधी जमादार बोलला. हळू आवाजात, जणू गुन्हा करतोय. "बाई, कोनाच्या लक्षातबी आलं नसतं."

"माह्या लक्षात आलं ना," माणिकबाई म्हणाली.

"वैनी, पुन्हा टाक," देवराव म्हणाला. "मंधात मानूस आला. असा डाव आमच्या बापजन्मात झाला नाई. मी बोलून राहिलो ना, पुन्हा टाक."

"कवडी जिथं थांबली तिथं मोजायची. मानूस मंधात येईन तं काय करायचं, हे कोनी सांगून नाई गेलं."

इथं माझ्यानं राहवलं नाही. मी ओरडले. डाव रद्द! सरकारी पाय मधात आला, कसला डाव? कोणत्याही पंचायतीत चालणार नाही, मी लिहून देते, जमादार साहेब साक्ष देतील, पुन्हा खेळा!

माणिकबाईनं मान वर केली. सगळ्या दिवसात पहिल्यांदा ती हसली.

"शालूताई, तुमी तं जुगार बंद कराले आल्ता ना? आता मलेच खेल म्हनता?"

गल्ली हसली. मीही हसले असते, पण मला राग आला होता. राग कोणावर करायचा ते कळत नव्हतं. कवडीवर कोण रागावणार?

शेखर पुढं येऊन तिच्यासमोर बसला. "माय, मले नाई पाहिजे असं."

"तुले नाई पाहिजे मंग कोनाले पाहिजे?" ती म्हणाली. "तू काय चुकीचं बोलला होता का? साप निघाला ते खरं, विहीर नासली ते खरं. मी तुह्याशी भांडली नाई. आता तूही माह्याशी नोको भांडू. लागली असती तं तुले गप बसवलं असतं ना म्या? सालभर? मंग नाई लागली तं मी गप बसन. नाई तं तो डाव कायचा?"

शेखर वाकला. खाली पडलेल्या पाच कवड्या त्यानं गोळा केल्या. सहावी जमादारानं नखानं खाचेतून काढून, आपल्याच रुमालानं पुसून दिली. जाताना वहीत काय लिहू म्हणून त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, लिहा, जागेवर काही आढळलं नाही. देवरावनं कवड्या बैलाच्या माळेत ओवायला घेतल्या तेव्हा सुईत दोरा त्याच्यानं जाईना. माणिकबाईनंच ओवून दिला.

ह्या गोष्टीला आता काही दिवस झाले. मी ते वावर वाचवायला काय केलं, असं मला विचारू नका. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिनं चहा पाजून परत पाठवलं. एकदा म्हणाली, "तुमी दुसऱ्याचा जुगार मोडा. आमचा राहू द्या." दिवाळीनंतर मोजणीवाला येईल, ती सही करील. शेखर तिच्यासमोर प्लॉटचं नाव काढत नाही, तीच काढते. रस्ता कुठून जाईल, लिंब वाचेल का, एवढंच विचारते. मंजुषानं मात्र एका कुंडीत झेंडू लावून ठेवला आहे, आणि सासूला तो दिसू नये म्हणून मागच्या दारी.

जुगार वाईट, हे मी उद्याही म्हणीन. पैशाच्या डावावर उद्याही तुटून पडीन. पण मी आजवर ज्या अड्ड्यांवर गेले तिथं प्रत्येक जण जिंकलेलं घेऊन पळत होता आणि हरलेलं बुडवत होता. हरलेलं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं सांगणारा जुगारी मी एकच पाहिला, आणि तो एक बाई निघाली. ही काय जात आहे माणसाची, ते मला अजून उलगडलेलं नाही. म्हणून हे लिहिलं.

यंदा नवरात्रात तुम्ही देवीला जाणार. दरवाज्याशी देवराव बसलेला असेल. त्याचा राग करू नका. पण हार तिथं घेऊ नका. रस्ता उतरत खाली या, वळणापर्यंत, मोरीपर्यंत. वास येईल, येऊ द्या, रुमाल खिशात ठेवा. एक काडीसारखी बाई झेंडू घेऊन बसलेली असेल, तिचं हे शेवटचं पीक. तिच्याकडून हार घ्या. हळहळू नका, तिला ते आवडत नाही, वावराचंही विचारू नका. एवढंच विचारा, "बाई, सहावी कवडी कशी पडली होती?" आणि ती सांगून होईपर्यंत तिथं उभे राहा.